रिकामी गाडी ढकलायची नाही

पृथ्वीराज इंगवले हे नाव ऐकलं की कुणाच्याही डोळ्यांपुढं घोड्यावरचा माणूस येतो. हा गृहस्थ घोड्याचं सोडा, जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी बसलेला नाही. कोल्हापुरातल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत तो दाव्यांच्या फायली तपासतो. म्हणजे सकाळी साडेदहापासून संध्याकाळी सहापर्यंत कोण कशावरून पडलं, काय कशावर आदळलं आणि कुणाचं काय मोडलं, एवढंच वाचतो. दहा वर्षं हे वाचल्यावर माणसाला घरातल्या स्टुलाचीसुद्धा भीती वाटायला लागते. पृथ्वीराज हॉटेलात पंख्याखाली बसत नाही, नारळाच्या झाडाखालून जात नाही, आणि गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेवरून घरी परत येतो. आल्यावर एकदा बघतो आणि पुन्हा एकदा बघतो. काहीही दोनदा तपासायचं, ही त्याची सवय. ती जरा लक्षात ठेवा, पुढं नडणार आहे.

पण ह्या सगळ्या किरकोळ भीत्या झाल्या. खरी भीती त्याला स्वतःच्याच दोन हातांची होती. त्याच्या हातातून वस्तू सुटायच्या. लग्नात सासऱ्यांनी दिलेला चांदीचा तांब्या त्यानं भर मांडवात सासऱ्यांच्याच पायावर सोडला. साहेबांच्या निरोप समारंभाचा केक टेबलापासून दोन फुटांवर असताना सुटला. मोबाइलची काच तर त्यानं इतक्या वेळा बदलली होती की दुकानदार आता विचारत नाही, नुसता हात पुढं करतो.

त्यामुळं मुलगी झाली आणि नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढं केलं, तेव्हा हा मटकन फरशीवर बसला. सगळ्यांना वाटलं, आनंदानं चक्कर आली. चक्कर कसली? बाळ सुटलंच, तर कमी उंचीवरून सुटावं म्हणून तो खाली बसला होता. पुढं साडेतीन महिने तो दर रविवारी सासुरवाडीला, पेठ वडगावला जायचा आणि गादीवर पाय पसरून बसायचा. कुणीतरी तेजस्वीला त्याच्या मांडीवर ठेवायचं, कुणीतरी उचलायचं. स्वतःच्या लेकीला घेऊन तो दोन पावलं चाललेला नव्हता. आणि हे त्यानं कुणाला, अगदी बायकोलाही कळू दिलेलं नव्हतं. वडगावात सगळे म्हणायचे, जावई लाजाळू आहे.

मग एका सोमवारी अनुजाचा फोन आला.

"अहो, येत्या रविवारी आम्ही येतोय घरी. आणि बुधवारी तिचं इंजेक्शन हाय बघा. माझा बी.एड.चा पेपर त्याच दिवशी आलाय. तुमच्या आईंना तर जिना होत न्हाय. तुम्हीच घेऊन जा तिला."

"मी?"

"मग काय गल्लीनं न्यायची?"

"एकट्यानं?"

"दहा मिनिटांवर तर दवाखाना हाय! आणि केवढीशी हाय ती, सहा किलो."

सहा किलो! फोन हातातून सुटला तो सरळ फरशीवर. पृथ्वीराजला दरदरून घाम फुटला. घर दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चौतीस. लिफ्टच्या जागी बिल्डरनं झकास दार बसवलं होतं आणि त्या दारामागं आठ वर्षं नुसता खड्डा होता. जिना उतरलं की फाटक, फाटकापुढं उतार, उताराखाली चौकात दूधकट्टा. तिथं रोज सकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढतात आणि माणसं गरम फेसाचे पेले तोंडाला लावतात. त्या म्हशींच्या मधून, मोटारसायकलींच्या मधून, घामेजल्या हातांत सहा किलोचा जीव! त्या रात्री त्याला डोळा लागला नाही. सकाळी चहा घेताना मात्र तोडगा सुचला. बाबागाडी! गाडीला पट्टा असतो, ब्रेक असतो. पट्ट्याला घाम येत नाही. रविवारच्या आत गाडी घरात पाहिजे, आणि ती का पाहिजे हे कुणाला कळता कामा नये.

तळमजल्यावर हंबीरराव राहतात. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. आता निवृत्त आहेत, पण खुर्चीत बसले तरी उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा ठेवतात.

"बाबागाडी?" ते म्हणाले. "कशाला रं? हात न्हाईत व्हय तुला?"

"हात हायत की," पृथ्वीराज घाईघाईनं म्हणाला. "पण हल्ली पाठीच्या कण्याला चांगली असते म्हणतात."

"कुणाच्या? तुझ्या का पोरीच्या?"

"दोघांच्या."

हंबीररावांनी क्षणभर त्याच्याकडं रोखून बघितलं. पण गाडी ह्या शब्दानं त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. "एक सांगतो. गाडी घ्यायची आसंल तर मला सोडून जायाचं न्हाय. ट्रायल मी घेणार. आणि रिकाम्या गाडीची ट्रायल ट्रायल नसती मर्दा, लोड पायजे."

घरी आक्का, म्हणजे पृथ्वीराजची आई, गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिनं बाबागाडीला हरकत घेतली नाही, त्यामुळंच पृथ्वीराज घाबरला. आक्का हरकत घेत नाही तेव्हा अट घालते.

"आण की," ती म्हणाली. "पर रिकामी ढकलायची न्हाय. रिकामा पाळणा हलवू नये म्हणत्यात, तसंच हे. बाळाला बाधतं."

"बाधतं म्हणजे काय होतं?"

"ते इचारायचं नसतं."

पृथ्वीराज असल्या गोष्टी मानत नाही. पण 'मी मानत नव्हतो' असं लिहून दिल्यानं एकही दावा मंजूर झाल्याचं त्याच्या पाहण्यात नव्हतं. त्यानं अट मान्य केली.

गुरुवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या दुकानात हे दोघं हजर झाले. दुकानाचा मालक जिनेश, तरतरीत तरुण माणूस, गोड बोलणारा. त्यानं पहिल्यांदा छत्रीसारखी मिटणारी गाडी दाखवली. "एका हातानं मिटते साहेब, हे बघा."

"आत बाळ असताना मिटली तर?" पृथ्वीराजनं विचारलं.

जिनेशनं ती गाडी मुकाट्यानं बाजूला ठेवली आणि तीन चाकांची पुढं आणली. तिला हंबीररावांनी हातही लावला नाही. "ही रिक्षा झाली. पुढची," ते म्हणाले. शेवटी निघाली एक लाल गाडी. चार दणकट चाकं, पाच टोकांचा पट्टा, मागं पायानं दाबायची ब्रेकची पट्टी. हंबीरराव दुकानाच्या फरशीवर उताणे झोपले आणि गाडीच्या खाली शिरून बघू लागले. दोन गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून गेली. खालूनच त्यांचा आवाज आला, "ही लाल डब्याच्या जातीची हाय. हिला भ्यायचं काम न्हाय."

"ही कधी उलटल्याचं ऐकलंय?" पृथ्वीराजनं जिनेशला विचारलं.

"साहेब, दुकानात कशी उलटंल? चालवून बघा की."

"न्हाय, न्हाय!" दोघं एकदम ओरडले. जिनेश दचकला. गाडी घ्यायची, पण तिची चाकं जमिनीवर फिरू द्यायची नाहीत, असली गिऱ्हाइकं त्यानं पहिल्यांदाच बघितली. तरी त्यानं ब्रेक कसा लागतो, कसा निघतो, सगळं समजावून सांगितलं. हंबीरराव मान डोलवत होते. पृथ्वीराजचं तिकडं लक्ष नव्हतं. तो गाडीला चिकटवलेल्या धोक्याच्या सूचना वाचत होता. त्या सतरा होत्या, आणि त्यातल्या अकरा त्याला आधी सुचलेल्याच नव्हत्या.

"पसंत पडली न्हाय तर सोमवारपर्यंत परत आणा," जिनेश म्हणाला. "फक्त डाग नको पडायला."

मग दोघांनी गाडी दोन बाजूंनी धरून वर उचलली आणि भर रस्त्यातून चालत घरी आणली. लोक बाजूला सरून वाट देत होते. एका आजोबांनी तर चप्पल काढून हात जोडले. पृथ्वीराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हात सुटू नयेत म्हणून तो मान खाली घालून पावलं मोजत राहिला.

फाटकात सोसायटीचे सेक्रेटरी तवनाप्पा उभे होते. ते तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"चाकं किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"म्हणजे चारचाकी. तुमच्या नावावर जागा दुचाकीची हाय. अर्ज करा."

"आण्णा, बाबागाडी हाय ही!"

"मी कुठं न्हाय म्हणालोय? नियमात बाबा बसत न्हाय, चाकं बसतात." त्यांनी खिशातून छापील अर्ज काढला. तो त्यांच्या खिशात कायम असतो. पृथ्वीराज तिथंच गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहायला बसला. इंधनाचा प्रकार ह्या रकान्यात हंबीररावांनी 'दूध' लिहायला लावलं. त्याच्या खालचा रकाना होता: वाहन वरच्या मजल्यावरून आणण्या-नेण्याची व्यवस्था.

पृथ्वीराजचं पेन थांबलं. चार दिवस त्यानं चाकांचा विचार केला, पट्ट्याचा केला, म्हशींचा केला, पण जिना! गाडी राहणार खाली आणि तेजस्वी वर. चौतीस पायऱ्या तिला कोण आणणार? हातांतूनच आणावी लागणार होती, आणि हात हेच. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यानं रकान्यात लिहिलं, 'विचाराधीन'.

शनिवारी सकाळी ट्रायल ठरली. रिकामी ढकलायची नाही ही आक्काची अट, लोड पायजे ही हंबीररावांची. दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. आक्कानं पाट्यामागून वरवंटा काढला. बारशाला पाळण्याभोवती फिरवताना सजवतात तसा तो धुतला, पुसला, त्याला झबलं घातलं, आणि ट्रंकेतून एक जुनी निळी कुंची काढून त्याच्या डोक्यावर बांधली.

"तुझ्या बारशाला हाच वरवंटा होता आणि हीच कुंची," ती म्हणाली. "वजनाला बी बरोबर हाय, सहा किलो."

दुपट्यात गुंडाळल्यावर तो असा काही दिसायला लागला की पृथ्वीराजनं त्याला पट्ट्यात बसवताना नकळत मान सावरली. पाचही टोकं लावली. पुन्हा एकदा ओढून बघितली.

हंबीररावांनी तोंडानं दोनदा घंटी मारली आणि गाडी फाटकाबाहेर पडली. सकाळचे साडेसात झाले होते. पृथ्वीराजनं दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. पण गाडी काय चालत होती! खड्ड्यातून अलगद, दगडावरून अलगद. उताराच्या तोंडाशी हंबीररावांनी हात वर केला. "आता हितं ब्रेक टेस्ट. दाब पट्टी."

पृथ्वीराजनं पट्टी दाबली. खट्ट. ब्रेक लागला. गाडी जागची हलेना.

आता कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. पण ब्रेक खरंच लागलाय का, हे एकदाच तपासून पृथ्वीराजचं कसं भागणार? त्यानं पट्टी पुन्हा दाबली. खट्ट. आणि समाधानानं कपाळावरचा घाम पुसायला दांड्यावरचे हात काढले.

ती पट्टी एकदा दाबली की ब्रेक लागतो आणि दुसऱ्यांदा दाबली की निघतो. जिनेशनं सांगितलं होतं ते हेच.

गाडी निघाली. आधी सावकाश, मग जोरात. "आरं धर, धर!" हंबीरराव ओरडले. उतारावरून निळी कुंची हेलकावे खात निघाली ती थेट दूधकट्ट्यावरच्या म्हशींच्या दिशेनं. पेले तोंडाला लावलेली माणसं जागच्या जागी थिजली. कुणी बाई किंचाळली, "पोरगं हाय त्यात! पोरगं!"

आणि पृथ्वीराज पळाला. शाळेच्या शर्यतीत पडू म्हणून कधी न पळालेला पृथ्वीराज चप्पल टाकून, ओरडत, हात पुढं करून पळाला. त्याच्या डोक्यात वरवंटा नव्हता, झबलं नव्हतं, काही नव्हतं. तेजू, तेजू, एवढंच तो ओरडत होता. पहिल्या म्हशीपासून हातभर अंतरावर गाडीचं पुढचं चाक दगडाला अडलं, गाडी पुढं कलली, आणि त्यानं अंग झोकून दिलं. गाडी त्याच्या पाठीवरून पलीकडं गेली. पट्ट्याचा चाप कसा उघडला कुणास ठाऊक. पृथ्वीराज शेणात दोन्ही कोपरांवर पालथा पडला होता. कोपरांतून रक्त येत होतं, आणि छातीशी दुपट्यातलं गाठोडं घट्ट धरलेलं होतं, जमिनीपासून चार बोटं वर.

गर्दी धावली. कुणी म्हणालं, "वाचलं, वाचलं!" कुणी म्हणालं, "कसला बाप हैस रं? उतारावर सोडतोस व्हय लेकराला?" धारेवरची एक म्हातारी पुढं झाली, तिनं दुपट्यात हात घालून गालाला लावला आणि ती गारच पडली. "आगं आई गं! गार पडलंय की वो लेकरू!"

मग कुणीतरी दुपटं बाजूला केलं.

"दगड हाय ह्यो!"

लेकरू वाचल्याचा आनंद ओसरला आणि फसवलं गेल्याचा संताप वर आला. चौकातली महिला हवालदार काठी घेऊन आली. "पावणं, हे काय करायलाय? खरं बाळ कुठाय?"

"वडगावात," पृथ्वीराज म्हणाला. त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

"दगडाला कुंची आणि बाळ वडगावात? ठेवा आधी ते खाली."

पृथ्वीराजनं ठेवायचा प्रयत्न केला. हात उघडेनात. हवालदारबाईंनी ओढून बघितलं, हंबीररावांनी बोटं सोडवून बघितली. वरवंटा काही निघाला नाही.

शेवटी हंबीररावांनी अनुजाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी पोलिसांची टोपी दिसल्यावर तिचा चेहरा पांढराफटक झाला. "काय झालं? ह्यांना काय झालं?"

"ताई, तुमचं बाळ तुमच्याजवळ हाय का?"

"हाय की! झोपलंय. काय झालं ते सांगा आधी!" तिनं फोन पाळण्याकडं फिरवला. तेजस्वी मुठी आवळून शांत झोपली होती. सगळ्या दूधकट्ट्यानं एकदम सुस्कारा सोडला.

"आणि हे गृहस्थ कोण?"

शेणात बसलेला, रक्तानं माखलेला, निळ्या कुंचीतला वरवंटा छातीशी धरलेला माणूस पडद्यावर आला.

"माझे मालक," अनुजा बारीक आवाजात म्हणाली. मग त्याला, "अहो, ते सोडा की आता. वरवंटा हाय तो."

"मला तेजूच वाटली गं," पृथ्वीराज म्हणाला, आणि सगळ्या म्हशींच्या, माणसांच्या आणि पोलिसांच्या देखत त्याचे डोळे भरून आले. "मला भ्या वाटतं, अनुजा. पहिल्या दिवसापासनं वाटतं. माझ्या हातातनं सगळं सुटतं. ती सुटली तर? म्हणून मी तिला कधी उचललंच न्हाय."

हंबीररावांनी फोन आपल्याकडं घेतला. "सूनबाई, बत्तीस वर्षांत मी लई ब्रेक फेल बघितलेत," ते म्हणाले. "पर पॅसेंजर असा धरलेला बघितला न्हाय."

लाल गाडीवर अर्थातच डाग पडले, आणि ती परत करायचा प्रश्नच उरला नाही. रविवारी अनुजा आली. दारातच तिनं तेजस्वीला त्याच्या हातांत दिलं आणि आत चहा ठेवायला निघून गेली. पृथ्वीराज उंबऱ्यात तसाच उभा राहिला. कोपरांना पट्ट्या बांधलेल्या. आक्का म्हणाली, "बस की खाली." तो बसला नाही. चहा झाला, गार झाला, तरी तो उभाच होता.

मंगळवारी तवनाप्पांचं पत्र आलं. चारचाकी वाहनास परवानगी, अट एकच, आवारात हॉर्न वाजवू नये.

बुधवारी पृथ्वीराज लेकीला घेऊन निघाला. भीती गेली होती म्हणाल तर मुळीच नाही. पहिल्या पायरीवर त्यानं पाय दोनदा टेकवून बघितला. हंबीरराव पुढं उलटे चालत होते आणि एसटी मागं घेताना कंडक्टर हाकारतो तसं हाकारत होते, "येऊ द्या... येऊ द्या... वळण हाय... येऊ द्या..." लिफ्टच्या दारापाशी पृथ्वीराज भिंतीला घासून गेला. चौतिसाव्या पायरीनंतर त्यानं पस्तिसावीसाठी पाय टाकला, ती नव्हती.

खाली धुतलेली लाल गाडी तयार होती. रिकामी ढकलायची नाही म्हणून आत पट्ट्यात वरवंटा बसला होता. हंबीररावांनी तो काढायला हात घातला. "बसवा पॅसेंजर."

पृथ्वीराजनं गाडीकडं बघितलं, ब्रेकच्या पट्टीकडं बघितलं, उताराकडं बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "चालतच जातो."

म्हणून पुढं तेजस्वीला छातीशी धरून पृथ्वीराज आणि मागं वरवंट्याची गाडी ढकलत हंबीरराव, असे ते दूधकट्ट्यावरून गेले. म्हातारी धार सोडून उठली. "आज तरी खरं हाय न्हवं?" म्हणून तिनं तेजस्वीच्या गालाला बोट लावलं. "मऊ हाय गं बाई," ती सगळ्यांना म्हणाली, आणि लोकांनी वाट करून दिली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सुई तयार केली. "ठेवा तिला ह्या टेबलावर."

पृथ्वीराज पुढं झाला, टेबलाजवळ वाकला आणि तसाच राहिला. तेजस्वी त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालायला बघत होती.

"अहो, सोडा की," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पृथ्वीराजनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं.

"सुटंनात बघा, डॉक्टर," तो म्हणाला. "हितंच टोचा."